जॅक तेवढा सांगितला होता

चारुदत्तांना मी सव्वीस वर्षं ओळखते आणि त्यातली निदान वीस वर्षं मी त्यांच्यावर चिडलेली आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे मी त्यांची बाजू घेतली तर शेजाऱ्याला सांभाळून घेते असं कुणी म्हणायला नको. चँडलरमध्ये, या वाळवंटी अमेरिकन गावात, आमच्या दोन घरांच्या मध्ये सिमेंटच्या ठोकळ्यांची एक भिंत आहे. तिच्या पलीकडे त्यांचं ग्रेपफ्रूटचं झाड, अलीकडे माझं लिंबाचं. त्यांची बायको उत्तरा माझी मैत्रीण होती. चारुदत्त तिच्याबरोबर आले, मैत्रिणींचे नवरे येतात तसे.

अंगाने किडकिडीत, चौकड्यांचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट आणि खिशात पेनाएवढा टॉर्च. लग्नाच्या रिसेप्शनलाही तो टॉर्च खिशात असतो. मूळचे सांगलीचे. अठ्ठ्याऐंशी साली शिकायला म्हणून आले आणि पुढे तीस वर्षं इथल्या एका चिपच्या कारखान्यात होते. त्यांच्या कामाचं नाव फेल्युअर ॲनालिसिस. बंद पडलेली चिप त्यांच्याकडे यायची. ते ती रेझिनमध्ये बसवायचे, हिऱ्याच्या करवतीने आडवी कापायचे, घासून गुळगुळीत करायचे, मायक्रोस्कोपखाली फोटो काढायचे आणि ती का बिघडली याचा रिपोर्ट लिहायचे. "कारण सापडलं पाहिजे," हे त्यांचं वाक्य मी हजारदा ऐकलंय. कारण सापडायचंही. फक्त त्यानंतर ती चिप कुणाच्या कामाची राहायची नाही, कारण तिचे दोन तुकडे झालेले असायचे. त्याचं त्यांना काही वाटायचं नाही, चिप परत चालू करणं हे त्यांचं काम नव्हतं.

घरी आल्यावरही त्यांचे हात शिवशिवायचे. माझा मिक्सर फार आवाज करतो, असं मी एकदा बोलता बोलता म्हणून गेले, तर संध्याकाळी तो त्यांच्या गॅरेजमध्ये उघडा पडलेला. चौथ्या दिवशी परत आला. इतका शांत झाला होता की लावलाय की नाही ते कळेना. चटणी मात्र वाटली जाईना, सगळं भरड. मी तक्रार केली तर म्हणाले, "पण चौदा डेसिबल कमी झालाय, सुचित्रा." मी कपाळाला हात लावला. उत्तरा हसून हसून लोळायची बाकी होती.

या दोघांची एकुलती एक मुलगी इला. तिचा जन्म इथलाच. आईशी मोडकं मराठी, बापाशी इंग्रजी, असं तिचं चालायचं. सोळाव्या वर्षी तिने बेस मागितला. बेस म्हणजे चार जाड तारांची, खर्जातली इलेक्ट्रिक गिटार. उत्तराने नवऱ्याला न सांगता एका वाद्यांच्या दुकानातून जुना, रंग उडालेला, इलाहून वयाने मोठा असलेला बेस आणून दिला. चारुदत्तांनी त्याकडे पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, "हा गुणगुणतो का?"

तो गुणगुणायचाच. या वाद्याच्या तारांखाली काळ्या पट्ट्या असतात, त्यांना पिकअप म्हणतात. आत चुंबक आणि त्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. तार हलली की पिकअपला ते कळतं आणि तो ते पुढे ॲम्पला, म्हणजे स्पीकरला कळवतो. जुन्या पद्धतीच्या पिकअपला घरातल्या विजेचीही गुणगुण ऐकू येते. दोन्ही पिकअप सारखे चालू ठेवले तर ती मरते, पण इलाला एकट्या गळ्याकडच्या पिकअपचाच आवाज हवा असायचा. हे सगळं ज्ञान मला अर्थातच चारुदत्तांनी दिलं, मी न विचारता. "साठ हर्ट्झ," ते कपाळावर आठ्या घालून सांगायचे. "आपल्याकडे सांगलीत पन्नास होता." त्यांना ती गुणगुण सहन व्हायची नाही. जेवताना चमचा खाली ठेवून म्हणायचे, "उत्तरा, तिला ते बंद करायला सांग."

शेवटी इला हेडफोन लावून वाजवायला लागली. सगळं घर शांत झालं. मुलगी दार लावून दोन-दोन तास काय वाजवते ते त्यानंतर बापाने कधी ऐकलं नाही.

त्याच वर्षीची खंडेनवमी मला आठवते. चारुदत्तांकडे ही पूजा दर वर्षी जोरात असते. फॅमिली रूममध्ये घडीचं टेबल मांडायचं, त्यावर पांढरी चादर, आणि चादरीवर त्यांचं सोल्डरिंग आयर्न, मल्टिमीटर, पकडी, उत्तराची लॅबमधली जुनी पिपेट, दोन्ही गाड्यांच्या किल्ल्या. मी फार्मसीत होते तेव्हा माझी गोळ्या मोजायची थाळीसुद्धा तिथे हळदकुंकू घेऊन आलेली आहे. झेंडू मेक्सिकन दुकानातला. त्या वर्षी इलाने आपला बेस आणून टेबलाच्या कडेला टेकवला. कुणी सांगितलं नव्हतं. चारुदत्तांनी तो उचलला आणि तिच्या हातात परत दिला. "ही हत्यारांची पूजा आहे, बेटा. आपण ज्याच्यावर जगतो त्याची. टॉइजची नाही."

ते रागाने बोलले नाहीत. त्यांच्या मते ते फक्त चुकीचं लेबल काढत होते. इला बेस घेऊन खोलीत गेली. मी आणि उत्तराने एकमेकींकडे पाहिलं आणि दोघी प्रसाद वाढायला उठलो. प्रसादाला गव्हल्यांची खीर होती.

पुढचं थोडक्यात सांगते. इला इंजिनिअरिंगला पार उत्तरेला, ॲन आर्बरला गेली आणि तिसऱ्या वर्षी तिने ते सोडलं. तिथेच राहिली, मुलांना वाजवायला शिकवायला लागली, एका बँडमध्ये शिरली. चारुदत्त तिच्याशी भांडले नाहीत, भांडले असते तर बरं झालं असतं. फोनवर हवामान विचारायचे. तिकडे बर्फ किती, इकडे ऊन किती. उत्तरा दोनदा एकटी जाऊन तिचा कार्यक्रम ऐकून आली. चारुदत्तांना दोन्ही वेळा काहीतरी काम होतं.

चार वर्षांपूर्वी उत्तरा गेली. शेवटचे दोन महिने तिचा पलंग खालच्या फॅमिली रूममध्ये होता. इला नोकरी टाकून आली, बेस घेऊनच आली. उत्तराचा आवाज तोवर पार बसला होता. ओठ हलायचे, पण कान तोंडाशी नेल्याशिवाय शब्द कळायचा नाही. मी रोज डबा घेऊन जायची. आणि रोज काय बघायची, तर आई पलंगावर, तिला खेटून खुर्चीत मुलगी, मांडीवर, पलंगाकडे कललेलं ते वाद्य आणि कानांवर ते मोठे हेडफोन. उत्तराचे ओठ हलताहेत आणि ही मान खाली घालून ऐकतेय आपलं म्युझिक. कधी वाजवतही नसायची, नुसती बसलेली असायची. एकदा तर हसली. चारुदत्त स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. मला हळूच म्हणाले, "आई बोलतेय आणि ही कानात घालून बसलीय." मी म्हटलं, "जाऊ द्या हो, इथलीच मुलं." त्यांना धीर द्यायला म्हटलं, पण मनातून मलाही तसंच वाटत होतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. ‘इथलीच मुलं’ हे वाक्य मी बोलले होते, आणि ते आता मला परत घेता येत नाही.

उत्तरा गेल्यावर चारुदत्त आक्रसले. गॅरेजचं दार बंद राहायला लागलं. ग्रेपफ्रूट झाडावरच सुकायची. मी भिंतीवरून हाक मारायची, "चारुदत्त, जेवायला चला," तेव्हा यायचे, दोन पोळ्या खायचे आणि ताट धुऊन परत जायचे. मला त्यांच्यावर चिडायलासुद्धा काही उरलं नव्हतं.

या जुलैत इला चार दिवसांसाठी आली आणि जाताना बेस त्यांच्याकडे ठेवून गेली. मी तिथेच होते. ती म्हणाली, "बाबा, याचा जॅक लूज झालाय. केबल लावली की खरखर करतो, साउंड मध्येच कट होतो. तू सोल्डर करशील का? आय नो यू आर गुड अ‍ॅट इट. ऑक्टोबरमध्ये दसऱ्याला येईन तेव्हा घेऊन जाईन. तोपर्यंत माझ्याकडे दुसरा आहे."

जॅक म्हणजे केबल खुपसायची जागा. दहा मिनिटांचं काम. पण मुलीने बापाकडे काही मागितलं ते अठरा वर्षांत पहिल्यांदा. ती विमानतळाकडे गेल्यावर चारुदत्त तो बेस दोन्ही हातांवर आडवा धरून किती तरी वेळ दिवाणखान्यात उभे होते. मग मला म्हणाले, "गॅरेजचा कूलर चालू करायला हवा." मला इतका आनंद झाला की मी घरी जाऊन शिरा केला.

जॅक त्यांनी त्याच दिवशी केला. तिथे थांबायला हवं होतं. पण दुसऱ्या दिवशी मी डोकावले तेव्हा चारही तारा उतरलेल्या, वरची पट्टी उघडलेली आणि दोन्ही काळे पिकअप बाहेर. गॅरेजात शंभर फॅरनहाइटच्या वर तापमान, कूलर नुसता घुरघुरतोय, आणि हे घामाने निथळत असूनही चेहऱ्यावर असा उजेड, जो मी चार वर्षांत पाहिला नव्हता.

"गंमत बघ," म्हणाले. गळ्याकडच्या पिकअपच्या दोन तारा तेवढ्या अजून जोडलेल्या होत्या आणि ॲम्प चालू होता. त्यांनी पिकअपवर स्क्रूड्रायव्हरने टकटक केलं, तर स्पीकरमधून टकटक आली. मग त्यांनी पिकअप तोंडाजवळ धरला आणि म्हणाले, "हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग." स्पीकरमधून त्यांचाच आवाज आला, बारीक, जुन्या ट्रंक कॉलसारखा. मी खो-खो हसले.

"हसतेस काय? फॉल्ट आहे हा. आतलं मेण सुकलंय, वेढे सैल झालेत. पिकअपने तारेचं तेवढं ऐकायचं असतं. हा बाहेरचं सगळं ऐकतोय. आणि वर तो साठ हर्ट्झ. बिचारी इतकी वर्षं असलं खराब वाद्य घेऊन स्टेजवर उभी राहते." हे शेवटचं वाक्य म्हणताना ते पिकअप फडक्याने पुसत होते. "मी नवीन मागवलेत. बिलकूल नॉइज नसलेले. तिला सरप्राइज."

"इलाला विचारलंत का पण?" मी म्हटलं.

"विचारलं तर सरप्राइज कसलं?"

माझं तोंड सैल म्हणून इथल्या साऱ्या मराठी मंडळात प्रसिद्ध आहे. समितीच्या मीटिंगमध्ये मला आवरायला माणूस लागतो. त्या दिवशी मात्र मी मूग गिळून बसले. मला माझा मिक्सर आठवला होता, खोटं कशाला बोलू. अगदी लख्ख आठवला होता. पण माणूस चार वर्षांनी हसत होता आणि मला तो हसताना हवा होता.

नवीन पिकअप आले तेव्हा मी मदतीलाही गेले. सगळ्यात नाजूक काम उंचीचं. पिकअप तारेच्या फार जवळ आला तर चुंबक तारेला ओढतो, फार लांब गेला तर आवाज मरतो. कडेचे स्क्रू पाव-पाव फेरा फिरवून ते अंतर ठरवायचं. मी त्यांच्या सांगण्याप्रमाणे तार वाद्याच्या गळ्यावरच्या शेवटच्या पट्टीवर बोटाने दाबून धरायची आणि दुसऱ्या हातात टॉर्च. ते पत्र्याच्या बारीक पात्या मध्ये सरकवून मोजायचे. एका तारेला वीस मिनिटं. माझ्या बोटावर दोन दिवस वळ राहिला. सगळं झाल्यावर त्यांनी ॲम्प पूर्ण मोठा केला आणि आम्ही दोघं ऐकत उभे राहिलो. काहीही ऐकू आलं नाही. "शून्य," ते म्हणाले आणि त्यांनी माझ्याशी हस्तांदोलन केलं.

जुन्या पिकअपचं काय केलं ते मी विचारलंसुद्धा नाही.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी इला आली. फॅमिली रूममध्ये तेच घडीचं टेबल, तीच चादर. पण या वेळी सोल्डरिंग आयर्न आणि पकडी कडेला सरकवलेल्या, आणि मधोमध, दोन उशांवर टेकवून, इलाचा बेस. पॉलिश केलेला. झेंडूचा हार. इला दारातच थांबली. तिला कुठलीच आठवण करून द्यावी लागली नाही. "बाबा," एवढंच म्हणाली आणि चपला काढायच्या विसरून तशीच आत आली. चारुदत्तांनी तिच्या हातात हळदकुंकवाचं तबक दिलं. "तूच कर पूजा. तुझं हत्यार आहे." तिने चिमूट घेतली आणि बेसला वाहिली. मी डोळे पुसले. देवाशपथ सांगते, त्या पाच मिनिटांत मला वाटलं की वर उत्तराला दिसत असेल.

पूजा झाली. इला म्हणाली, "जॅक केलास ना? मला तुला काहीतरी ऐकवायचंय. म्हणूनच मी आलेय, अ‍ॅक्चुअली." आपल्या जुन्या खोलीतून तिने तिचा लहान ॲम्प आणि हेडफोन आणले. चारुदत्त लहान मुलासारखे उतावीळ. "आधी तू ऐक. आधी स्पीकरवर लाव."

तिने लावलं. चारुदत्तांनी बोट वर केलं. "ऐकू येतंय काही? काहीच नाही ना?"

"वॉव," इला म्हणाली. दोन-चार सूर वाजवून तिने मान डोलावली. "व्हेरी क्लीन." ती सभ्य मुलगी आहे. मग तिने खाली पाहिलं, आणि तिच्या बहुतेक तेव्हाच लक्षात आलं की तारांखालच्या पट्ट्या नव्या आहेत. तिने हेडफोन लावले, वाद्यावर वाकली आणि तारांच्या अगदी जवळ तोंड नेऊन काहीतरी पुटपुटली. थांबली. बटण पूर्ण फिरवलं. परत पुटपुटली. मग हेडफोन काढून मांडीवर ठेवले.

"जुने पिकअप कुठेत, बाबा?"

या प्रश्नाचीच ते वाट पाहत होते. त्यांनी कपाटातून एक फाइल काढली. प्लॅस्टिकच्या खिशांत बारा पानं, रंगीत फोटो, वर तिचं नाव. त्यांनी तिच्यासाठी पूर्ण फेल्युअर ॲनालिसिस केलं होतं. एक पिकअप रेझिनमध्ये बसवून आडवा कापला होता, दुसरा उलगडून त्याचे वेढे मोजले होते, तार जिथे जिथे तुटली तिथे तिथे खूण करून. कापलेल्या अर्ध्या तुकड्याला पॉलिश करून त्यांनी त्याचा पेपरवेट केला होता. तोही तिच्यापुढे ठेवला.

इला पानं उलटत होती. पाचव्या पानावर थांबली. तिथे एका पिवळ्या, चुरा झालेल्या स्पंजाचा फोटो होता. खाली इंग्रजीत लिहिलं होतं: पिकअपखाली सापडलेली परकी वस्तू, मूळ भाग नाही, काढून टाकली.

"हा आईचा शोल्डर पॅड आहे," ती म्हणाली. "तिच्या त्या इंटरव्ह्यूच्या ब्लेझरचा. खालचा फोम गेला होता म्हणून आम्ही दोघींनी कापून घातला होता. मी अकरावीत होते." मग फाइल बंद करून तिने चारुदत्तांकडे पाहिलं. "मी जॅक म्हटलं होतं, बाबा. जस्ट द जॅक."

मग तिने सांगितलं. मराठीत, इंग्रजीत, मध्येच थांबत. शाळेत असताना ती हेडफोन लावून वाजवत बसली की तिला बाहेरची हाक ऐकू यायची नाही. मग उत्तरा खोलीत यायची, तिच्या मांडीवरच्या बेसवर वाकायची आणि तारांमध्ये तोंड घालून म्हणायची, "इला, जेवायला चल." तो पिकअप बिघडलेला होता, बाहेरचं ऐकणारा होता, म्हणून आईची हाक तिला हेडफोनमध्ये यायची. बारीक, पण स्पष्ट. दुसऱ्या कुणालाच ऐकू यायची नाही.

"अँड देन, जेव्हा तिचा आवाज गेला, बाबा, मी बेस तिच्या तोंडाजवळ धरायचे. व्हॉल्यूम फुल. ती नुसती कुजबुजायची आणि मला सगळं ऐकू यायचं. तुम्हाला वाटलं मी म्युझिक ऐकतेय. आय वॉज लिसनिंग टु हर."

चारुदत्त खुर्चीत बसले. मला बसायलाही सुचलं नाही. माझ्या डोळ्यांपुढे ती खुर्ची, ते हेडफोन आणि माझंच वाक्य. इथलीच मुलं.

"मला सांगायचं तरी," ते म्हणाले.

"आई म्हणाली होती, बाबालाही एकदा लावून दे. मी तेव्हा नाही दिलं. आय वॉज मॅड अ‍ॅट यू. ते फक्त माझं होतं. मग ती गेली." इलाने हाताच्या पाठीने नाक पुसलं. "मी रोज प्रॅक्टिसनंतर त्यात म्हणते, इला, जेवायला चल. माझाच आवाज, पण त्यातून तो तिच्यासारखा येतो. एक्झॅक्टली तिच्यासारखा. तुला तो ऐकवायचा होता. जॅक खरखरत होता, मध्येच तुटायचा, म्हणून म्हटलं आधी नीट करून घेऊ."

चारुदत्त उठले. "मी परत गुंडाळतो," म्हणाले. "तारेचा गेज माझ्याकडे लिहिलेला आहे. वेढे मोजलेले आहेत. नऊ हजार चारशे. मी मेण न घालता सैल गुंडाळतो, इला, तसाच बिघडवून देतो." आणि ते खरंच गॅरेजकडे निघाले. इलाने त्यांना हाताला धरून थांबवलं. त्यांनाही माहीत होतं. एखादी वस्तू नेमकी कशी बिघडली होती, हे तीस वर्षं लिहून काढणाऱ्या माणसाला तिला पुन्हा तसंच बिघडवता येत नाही, हे त्यांना आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त माहीत होतं.

रविवारी ती परत गेली. बेस टेबलावर तसाच. मी म्हटलं, "अगं, तुझं वाद्य." ती म्हणाली, "मी रागावले नाहीये, सुचित्रामावशी. बाबा मेंट वेल. पण मी वाजवायला घेतला की मला ते शून्य ऐकू येतं. आत्ता नको." तिने बापाला मिठी मारली, बराच वेळ. मग गाडीत बसली. आता दर आठवड्याला तिचा फोन येतो. हवामान विचारते.

मी या सगळ्याचा हिशोब लावायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. एकदा तरी तिचा कार्यक्रम ऐकायला गेला असतात, एकदा तरी तिच्या खोलीचं दार उघडलं असतंत, असं मी चारुदत्तांना मनातल्या मनात सुनावते. पण तार दाबून धरायला माझंच बोट होतं आणि टॉर्चही माझ्याच हातात होता. तोंड उघडायची एकच वेळ होती आणि मी नेमकी तेव्हा शहाण्यासारखी वागले. याचा मला पश्चात्ताप होतो. रोज होतो.

परवा संध्याकाळी भरली वांगी केली होती. भिंतीवरून दोन हाका मारल्या, उत्तर नाही. मी डबा घेऊन त्यांच्याकडे गेले. दार उघडंच होतं. फॅमिली रूममध्ये, उत्तराचा पलंग होता त्या जागी, चारुदत्त खुर्चीत बसले होते. मांडीवर बेस, कानांवर इलाचे हेडफोन, ॲम्पचा लाल दिवा चालू. वाजवत नव्हते. त्यांना वाजवता येतच नाही.

मी दारातून म्हटलं, "चारुदत्त, जेवायला चला." त्यांनी ऐकलं नाही. मग मी जवळ गेले, गुडघ्यावर हात ठेवून वाकले, आणि का कोण जाणे, त्यांच्याकडे न बघता तारांमध्ये तोंड घालून म्हटलं, "चारुदत्त, जेवायला चला."

त्यांनी डोळे मिटले होते. ते तसेच मिटून राहिले. मग त्यांनी हात लांब करून आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं.

"बाहेरून ऐकू येतंय, सुचित्रा," ते म्हणाले. "आतून नाही. परत म्हण."

मी परत म्हटलं.